लोखंडाचं आयुष्य, रबराचं आयुष्य

पंधरा-वीस वर्षं जुनी बीएमडब्ल्यू बाजारात ज्या भावाला मिळते, तो भाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटा वाटतो. नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत सहा सिलिंडरचं सरळ रांगेतलं इंजिन, मागच्या चाकांना जाणारी ताकद आणि वळणावर रस्ता न सोडणारं सस्पेंशन! गाडी घरी येते, शेजारीपाजारी बघून जातात. दोन-तीन महिन्यांत कूलंट गळायला लागतो, गॅरेजवाला कागदावर आकडा लिहून देतो आणि भाव इतका खाली का होता त्याचा उलगडा होतो. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीला येऊन भिडलेला असतो. मालक ती तशीच विकायला काढतो. पुढचा मालकही तेच करतो. असे तीन-चार हात बदलले की गाडी भंगारात जाते. आणि त्या दिवशीही तिचं इंजिन बहुधा ठणठणीतच असतं.

हे पुस्तक ही साखळी तोडण्यासाठी आहे. त्याचं मुख्य म्हणणं थोडक्यात असं: जुन्या बीएमडब्ल्यूतला धातू फार उशिरा झिजतो, रबर आणि प्लॅस्टिक मात्र ठरल्या वयाला जातं. म्हणून गाडी ठेवायची तर मीटरवरच्या किलोमीटरबरोबर कॅलेंडरही बघायला हवं, आणि जो भाग वयानं जाणार हे ठाऊक आहे तो गळायच्या, फुटायच्या आधी बदलायला हवा. या कामांपैकी बहुतेक कामं साध्या पान्यांची आहेत. पार्टला पैसे थोडे लागतात, वेळ भरपूर लागतो. गॅरेज तासावर पैसे लावतं, म्हणून तीच कामं तिथे महाग पडतात. मालकाच्या रविवारचे पैसे कोणी लावत नाही.

धातू टिकतो, हे भक्तिभावानं केलेलं विधान नाही. १९५९ साली बीएमडब्ल्यू इतकी खाली आली होती की डायम्लर-बेंझ तिला गिळणार हे जवळपास ठरलं होतं. त्या वर्षीच्या डिसेंबरातल्या भागधारकांच्या सभेत तो बेत फसला, उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांनी आपला पैसा लावला आणि १९६१च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात कंपनीनं ‘१५००’ ही नवी चार दारांची गाडी मांडली. तिच्यासाठी आलेक्स फॉन फाल्कनहाउझेन यांनी जे चार सिलिंडरचं इंजिन उभं केलं, ते पुढे एम-१० या नावानं ओळखलं गेलं. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, चेनवर चालणारा कॅमशाफ्ट. १९६८च्या २००२ या मॉडेलात तेच, १९७५च्या पहिल्या थ्री सिरीजमध्ये तेच. १९८३ साली नेल्सन पिके ज्या ब्रॅबम गाडीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, तिचं दीड लिटरचं टर्बो इंजिनही पाउल रोशे यांनी याच ब्लॉकवर बांधलेलं होतं. कुटुंबाच्या गाडीसाठी ओतलेलं लोखंड शर्यतीत सहाशेच्या वर अश्वशक्ती सोसत होतं. पुढच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांनी या घराण्याचं नाव राखलं. तेलपाणी वेळेवर झालेलं एम-३० किंवा एम-५० इंजिन तीन-चार लाख किलोमीटर गेलेलं दिसलं, तर जाणकाराला नवल वाटत नाही.

मग बिघडतं कुठे? १९९०च्या आसपास, म्हणजे ई-३६च्या पिढीपासून, बॉनेटखाली प्लॅस्टिक झपाट्यानं वाढलं. रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या, थर्मोस्टॅटचं घर, वॉटर पंपाचा आतला पंखा, इनटेक मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह कव्हर, सगळीकडे ते आलं. वजन कमी झालं, खर्च कमी झाला, गुंतागुंतीचे आकार एका साच्यात निघू लागले. त्याच काळात धूर आणि इंधन यांचे नियम कडक होत गेले आणि इंजिनं अधिक तापमानाला चालवणं फायद्याचं ठरलं. एम-५४ इंजिनाचा थर्मोस्टॅट साधारण ९७ अंशांना उघडतो. त्या उष्णतेत काचतंतू घातलेलं नायलॉन वर्षानुवर्षं भाजत राहतं आणि ठिसूळ होतं. रबराच्या गॅस्केटची लवचीकता जाते आणि ती टणक कड्यासारखी होते. कंपनीच्या दृष्टीनं यात काही चुकलं नव्हतं, कारण तिचा हिशेब पहिल्या मालकापुरता होता. ऑइल बदलायची मुदत २४ हजार किलोमीटरपर्यंत नेली होती ती याच हिशेबानं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलवर ‘आयुष्यभरासाठी’ असा शेरा मारला तोही त्याच हिशेबानं. यांतले बरेच गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा आठ वर्षांनी, ऑइल बदला असं सांगते. आयुष्य नक्की कोणाचं धरायचं, हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या मालकानं स्वतःला विचारायचा आहे.

‘जुनी’ म्हणजे कोणती, हेही सुरुवातीलाच ठरवून घेऊ. या पुस्तकात मुख्यतः पाच पिढ्यांचा विचार आहे: थ्री सिरीजमधली ई-३० (१९८२ ते १९९४), ई-३६ (१९९० ते २०००) आणि ई-४६ (१९९८ ते २००६), फाइव्ह सिरीजमधली ई-३४ आणि ई-३९. भारतात ज्यांची संख्या जास्त आहे त्या ई-६० आणि ई-९० यांच्यासाठी वेगळं प्रकरण आहे. डिकीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. ई-४६मधल्या ३२३आयमध्ये अडीच लिटरचं इंजिन असतं, आणि ई-३०मधल्या ३२५ई या मॉडेलात २.७ लिटरचं. म्हणून गाडीची खरी ओळख दोन गोष्टींनी पटते: बॉडीचा ई-क्रमांक आणि इंजिनाचा कोड. हे दोन कळले की गाडीचे अर्धे आजार कळतात. ई-३०मधल्या एम-२० इंजिनाला टायमिंगचा रबरी पट्टा असतो. तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, म्हणून मीटर काही म्हणो, चार-पाच वर्षांत तो बदलायचाच. एम-५० आणि एम-५४ यांना चेन असते. तिथे ही चिंता नाही, पण बाकीच्या आहेत.

त्यातली पहिली चिंता जवळून बघू. ई-४६मधली एम-५४ इंजिनाची ३२५आय किंवा ३३०आय घ्या. बॉनेट उघडलं की रेडिएटरला लगटून काळ्या प्लॅस्टिकची टाकी दिसते. ती एक्स्पान्शन टँक. तिचं मूळ झाकण दोन बार दाबाचं, म्हणजे गाडी तापली की ही टाकी फुगते, निवली की आकसते, आणि हे रोज चालतं. दहा-बारा वर्षांनी तिच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावर केसासारखी चीर पडते. चीर डोळ्यांना दिसत नाही. तिच्या कडेला वाळलेल्या कूलंटची पांढरट-निळसर पुटं दिसतात. एवढ्यावर शहाणं होऊन टाकी बदलली, तर काम एका सकाळचं आहे. दुर्लक्ष केलं, तर एखाद्या चढाला ती जोडावर उघडते आणि सगळा कूलंट रस्त्यावर येतो.

ते ड्रायव्हरला लगेच कळायला हवं, पण या गाडीच्या टेंपरेचरच्या काट्याला एक खोड आहे. इंजिन साधारण ७५ अंशांवर असो की ११५वर, काटा मधोमध उभा राहतो. वरखाली होणारा काटा बघून गिऱ्हाईक घाबरू नये, म्हणून त्याला तसं शिकवलेलं आहे. तो उजवीकडे सरकायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. तेवढ्यात गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं तर ठीक. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हटलं, तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा. जादा तापल्यावर त्यातले हेड-बोल्टचे आटे कमजोर होतात आणि बोल्ट सोडताना आटेही बाहेर येतात. मग हेड फेसिंगला पाठवा, ब्लॉकमध्ये नवे आटे बसवा, आणि एवढं करून इंजिन धरेल की नाही ही धाकधूक. एका टाकीपायी अशी इंजिनं गेलेली आहेत.

म्हणून या पुस्तकात कूलिंगचं काम सुटं सुटं सांगितलेलं नाही. टाकी, झाकण, रेडिएटर, वरचा-खालचा होज, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, बेल्ट आणि बेल्टचे पुली-टेन्शनर हे सगळं एका दमात बदलायचं. सगळे एका वयाचे आहेत, एक गेला की बाकीचे रांगेतच असतात, आणि कूलंट एकदाच काढावा लागतो. कामात काही खुब्या आहेत. वॉटर पंपाच्या पुलीचे बोल्ट बेल्ट काढायच्या आधी सैल करून घ्यावेत, कारण बेल्ट गेल्यावर पुली हाताबरोबर फिरते. ज्या गाड्यांत पंखा थेट पंपाच्या शाफ्टवर बसवलेला असतो, तिथे त्याचा ३२ मिलिमीटरचा नट उलट्या आट्यांचा असतो; सोडायला तो उजवीकडे फिरवायचा. चार नट काढल्यावरही पंप ब्लॉकमधून हलत नाही, म्हणून कोणी हातोडी उचलतं. त्याची गरज नाही. पंपाच्या तबकडीला दोन रिकामी, आटे पाडलेली भोकं असतात. त्यांत एम-६चे दोन लांब बोल्ट घालून आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलं, की पंप स्वतःच सरळ बाहेर सरकतो. बसवताना ओ-रिंगला कूलंटचा हात लावायचा. नट १० न्यूटन-मीटरलाच थांबवायचे, जोर दाखवायचा नाही.

शेवटचा टप्पा हवा काढण्याचा, आणि घाई नेमकी इथेच होते. गाडी सपाट जागी, इंजिन थंड. चावी दुसऱ्या टप्प्यावर, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर अगदी मंद, म्हणजे हीटरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. टाकीजवळचा हवेचा स्क्रू सैल करून फॉस्फेट आणि नायट्राइट नसलेला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं अर्धं-अर्धं मिश्रण हळूहळू ओतत राहायचं. स्क्रूतून आधी हवा येते, मग फेस, मग अखंड धार. धारेत बुडबुडा दिसेनासा झाला की स्क्रू लावायचा. तो प्लॅस्टिकचा आहे, बेतानं फिरवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी पुन्हा बघायची. रस्त्यावर इंजिन गरम होऊनही हीटरमधून गार वारा येत असेल, तर आत हवा अडकलेली आहे असं समजावं.

दुसरी गोष्ट तेलगळतीची. तिच्यात हातापेक्षा डोकं जास्त लागतं. एम-५२ आणि एम-५४ इंजिनांवर तेल गळायच्या दोन ठरलेल्या जागा आहेत: व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आणि ऑइल फिल्टरच्या घराचं गॅस्केट. कव्हरचं गॅस्केट टणक झालं की तेल एक्झॉस्टवर ठिबकतं आणि सिग्नलला थांबलं की एसीच्या वाऱ्याबरोबर जळका वास आत येतो. हे ओळखणं सोपं. फिल्टरच्या घराचं गॅस्केट मात्र फसवं. तेल इंजिनाच्या पुढच्या अंगानं खाली ओघळतं, चालत्या गाडीचा वारा ते मागे ढकलतो, आणि गाडी लिफ्टवर घेतली की ऑइल पॅनच्या कडेनं सगळं ओलं दिसतं. खालून बघणारा म्हणतो, पॅनचं गॅस्केट गेलं. ते बदलायला इंजिन वरून टांगून पुढची सबफ्रेम खाली उतरवावी लागते, म्हणजे दिवसाचं काम. आणि एवढं करून आठवड्यानं जमिनीवर पुन्हा डाग! तेल खाली आणि मागे जातं, म्हणून शोध वरून आणि पुढून सुरू करायचा. इंजिन धुऊन-पुसून कोरडं करा, थोडं चालवा आणि सर्वांत उंचावरची ओली जागा शोधा. तीच बहुतेक वेळा खरी जागा असते. फिल्टरच्या घराचं गॅस्केट स्वस्त असतं आणि घरच्या घरी एका दुपारी बदलून होतं.

निदान आधी, पाना नंतर, हा नियम पुढे प्रत्येक प्रकरणात येईल. ई-३९चं स्टीअरिंग ऐंशीच्या वेगाला ब्रेक मारल्यावर थरथरतं, म्हणून लोक डिस्क बदलतात आणि थरथर तशीच राहते. दोष बऱ्याचदा पुढच्या थ्रस्ट आर्मच्या फाटलेल्या बुशचा असतो. ई-४६मध्ये ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो, कोड वाचला की मिश्रण पातळ असल्याचं कळतं, आणि कोणीतरी ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतो. खरा दोषी असतो इनटेकचा चिरलेला रबरी बूट, नाहीतर इंजिनाच्या वाफा परत फिरवणाऱ्या ऑइल सेपरेटरची कुजलेली नळी. तिथून न मोजलेली हवा आत शिरत असते. कोड दिशा दाखवतो, पार्टचं नाव सांगत नाही. आज लॅपटॉप आणि एका केबलनं गाडीच्या संगणकाशी बऱ्यापैकी खोलवर बोलता येतं, त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. पण धूर सोडून हवेची गळती शोधण्याची जुनी रीत आजही लॅपटॉपच्या बरोबरीनं उपयोगी पडते.

पार्टच्या बाबतीत बीएमडब्ल्यूच्या मालकाचं नशीब चांगलं आहे. कंपनीचा प्रत्येक पार्ट अकरा आकडी क्रमांकानं ओळखला जातो. पहिले दोन आकडे विभागाचे: ११ इंजिन, १७ कूलिंग, ३१ पुढचा अ‍ॅक्सल, ३४ ब्रेक, ६१ वायरिंग. चासी नंबराची शेवटची सात अक्षरं घातली की नेमक्या त्याच गाडीचा क्रमांक मिळतो. इथे गाडी तयार झाल्याचा महिना महत्त्वाचा, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत सेन्सर, होज, अगदी टाकीसुद्धा बदललेली असू शकते. दुसरं असं, की कंपनी बरेच पार्ट स्वतः बनवत नाही. सस्पेंशनच्या आर्म लेमफोर्डरच्या, शॉकअप सॅक्सचे, फिल्टर माहलेचे, सेन्सर बॉशचे, गॅस्केट एलरिंग किंवा व्हिक्टर राइन्झची. हेच पार्ट याच कंपन्यांच्या खोक्यात बरेच स्वस्त मिळतात. कधी कधी पार्टवरचं बीएमडब्ल्यूचं चिन्ह तेवढं घासून काढलेलं दिसतं. मात्र स्वस्ताच्या मोहात कुठलाही बेनामी वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट घेऊ नये. जो पार्ट फुटला की गाडी रस्त्यात उभी राहते, त्यात कसर करायची नाही. दाराची आतली पट्टी भंगारातून आणली तर काही बिघडत नाही.

अवजारांची यादी वाटते तेवढी लांब नाही. १० आणि १३ नंबरच्या सॉकेटवर अर्धं इंजिन उघडतं. १६, १७ आणि १८ सस्पेंशनला लागतात. टॉर्क्सचे सरळ आणि उलटे असे दोन्ही संच घ्यावेत. हीटगन, मल्टिमीटर, डोक्याला लावायची चांगली बॅटरी हवीच. पण सर्वांत आधी टॉर्क रेंच घ्यावा. अ‍ॅल्युमिनियममधले आटे माफ करत नाहीत. ऑइलचा ड्रेन प्लग २५ न्यूटन-मीटर, व्हॉल्व्ह कव्हरचे नट १०, चाकाचे बोल्ट १२०. हे आकडे हाताच्या अंदाजानं कोणालाच जमत नाहीत. काही बोल्ट आवळताना ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. त्यांची खूण प्रत्येक ठिकाणी केली आहे.

सुरक्षेबद्दल एकदाच सांगतो आणि ठासून सांगतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात, काहीही घालायचं नाही. जॅक उचलण्यासाठी, तोलून धरायला जॅकस्टँड, तेही सपाट काँक्रीटवर. गरम गाडीचं कूलंटचं झाकण उघडायचं नाही. सांडलेला कूलंट लगेच धुऊन काढायचा, कारण तो चवीला गोड आणि पोटात गेला तर विष असतो. पार्किंगमधली कुत्री-मांजरं तो चाटतात. वापरलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही, डब्यात भरून ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यायचं.

काही कामं या पुस्तकात मुद्दाम दिलेली नाहीत. एअरबॅग आणि सीटबेल्टचे ताणक, एसीचा गॅस, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पोट आणि हेडचं मशीनकाम घरी होत नाही. ई-४६च्या मागच्या सबफ्रेमचे चार बोल्ट बॉडीच्या ज्या पत्र्यात बसतात, तो पत्रा तडकतो. गालिचा उचलून आणि खालून बॅटरी मारून तडा शोधणं तुमचं काम, तिथे जाड पट्टी वेल्ड करणं मुरलेल्या वेल्डरचं. एन-४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. त्या टोकाकडून खरखर ऐकू आली तर गाडी चालवणं थांबवून चांगल्या गॅरेजचा रस्ता धरायचा. काम ओळखता येणं आणि ते दुसऱ्याला नीट समजावून सांगता येणं, हाही घरच्या मेकॅनिकीचाच भाग आहे. त्यामुळे गॅरेजमध्ये फसवणूकही कमी होते.

इंग्रजी आणि जर्मनमध्ये या गाड्यांवर उत्तम साहित्य आहे. बेंटली आणि हेन्सची मॅन्युअलं आहेत, १९६९ साली स्थापन झालेला अमेरिकेतला बीएमडब्ल्यू कार क्लब आणि त्याचं ‘राउंडेल’ हे नियतकालिक आहे. त्याच नियतकालिकात स्तंभ लिहिलेल्या रॉब सीगल यांनी जुनी गाडी रस्त्यात कशामुळे अडकते याची सात कारणांची यादी केली आहे: इंधनपुरवठा, इग्निशन, कूलिंग, चार्जिंग, बेल्ट, क्लचचं हायड्रॉलिक आणि बॉल जॉइंट. घरातून कामाला सुरुवात करताना याहून चांगला क्रम नाही. सीटचं फाटलेलं कातडं आणि न गाणारा स्पीकर या यादीत कुठेच नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

पण ती पुस्तकं तिथल्या हवेसाठी आणि तिथल्या गॅरेजसाठी लिहिलेली आहेत. आपल्याकडच्या गोष्टी वेगळ्या. बीएमडब्ल्यूनं २००७ साली चेन्नईजवळ गाड्या जोडायला सुरुवात केली. त्या सुरुवातीच्या ई-९० आणि ई-६० आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, म्हणजे आरटीओत पुनर्नोंदणीला आल्या आहेत. ही नोंदणी पाच-पाच वर्षांची मिळते, आणि तपासणीला उभी राहणारी गाडी धडधाकट हवी. या पिढीचं एन-५२ इंजिन मॅग्नेशियमच्या कवचाचं, त्याचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे; काढलेला बोल्ट पुन्हा लावायचा नाही. वॉटर पंप विजेवर चालणारा, जाताना फारशी पूर्वसूचना न देणारा, म्हणून लाखभर किलोमीटरनंतर त्याचा हिशेब ठेवावा. बॅटरी बदलली की गाडीच्या संगणकात नोंद करावी लागते, नाहीतर तो जुनीच बॅटरी आहे असं धरून चार्ज करत राहतो आणि नवीचं आयुष्य घटवतो. आणि आपला पाऊस! सनरूफच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांच्या चुऱ्यानं आणि धुळीनं तुंबतात, पाणी गालिचाखाली मुरतं. ई-६०मध्ये ते डिकीतल्या चाकाच्या खड्ड्यात साचतं आणि तिथेच महागडी इलेक्ट्रॉनिक खोकी बसवलेली आहेत. मे महिन्यात त्या नळ्या साफ करणं हे अर्ध्या तासाचं काम जुलैतलं मोठं बिल वाचवतं. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत गंज जसा चढतो तसा पुण्या-नागपुरात चढत नाही. किनाऱ्यावरच्या मालकांसाठी बॉडीखालच्या तपासणीचं वेळापत्रक वेगळं दिलं आहे.

जागेचाही प्रश्न आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या घराला गॅरेज असतं. जर्मनीत राहणाऱ्याला तासावर लिफ्ट भाड्यानं देणारी वर्कशॉप सापडतात. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत मात्र एक गाळा, वर बेसमेंटचा अंधार आणि बाजूच्या गाडीचा मालक! म्हणून प्रत्येक कामाच्या सुरुवातीला तीन गोष्टी दिल्या आहेत: गाडी उचलावी लागते का, काम अर्ध्यावर सोडून गाडी रात्रभर उभी ठेवावी लागते का, आणि जमिनीवर काही सांडतं का. ज्या कामांना या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे, तिथून सुरुवात करा. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, केबिन फिल्टर, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट. एवढ्यावरच पहिले दोन-तीन महिने जातील, आणि हाताला गाडीची सवय होईल.

आणि पहिल्या रविवारी पानाच हातात घेऊ नका. वही घ्या. चासी नंबराची शेवटची सात अक्षरं, इंजिनाचा कोड, गाडी तयार झाल्याचा महिना आणि आजचं मीटर लिहा. मग जुनी बिलं पसरून एका रकान्यात पार्ट आणि दुसऱ्यात बदलल्याची तारीख लिहीत जा: टाकी, पंप, होज, बेल्ट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, बुश. बऱ्याच ओळींपुढची तारीख रिकामी राहील. रिकाम्या ओळीचा अर्थ, तो पार्ट गाडीच्या जन्मापासूनचा आहे असं धरून चालायचं. त्या रिकाम्या ओळींना सीगल यांच्या सात कारणांच्या क्रमानं लावलं की तुमच्या गाडीची पुढच्या वर्षाची कामांची यादी तयार होते. पुस्तकातली प्रकरणंही त्याच क्रमानं लावली आहेत. तुमच्या यादीत सर्वांत वर जी ओळ आली असेल, त्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात करा.